विरजण की खत? कूर्चेची पावणेतीनशे वर्षांची गोष्ट

आपल्याकडे साठी ओलांडलेल्या माणसाचा गुडघा दुखायला लागला की पहिलं निदान शेजारीपाजारीच करून टाकतात. "वंगण संपलंय!" दुसरं निदान, "वाटी झिजली." लोक काय म्हणतायत ते कळतं, पण या शब्दांनी डोळ्यासमोर उभं राहतं ते एखादं मशीन. तेल घाला, पार्ट बदला, चालू करा. प्रत्यक्षात गुडघ्यात झिजते ती कूर्चा. शाळेच्या पुस्तकातली कास्थी, डॉक्टरांच्या भाषेत कार्टिलेज. हाडांच्या टोकांवर बसलेला दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, निळसर पांढरा, काचेसारखा गुळगुळीत थर. हा थर जिवंत असतो, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

मी डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहितो. पण प्रयोगशाळेत कूर्चा वाढवायच्या प्रयत्नांचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात एक अशी गोष्ट सापडली की ती सांगितल्याशिवाय राहवेना. दोन प्रकारच्या पेशी एकत्र मिसळून कूर्चा वाढवायची एक युक्ती आहे. ती चालली. पण ज्या कारणानं चालेल असं वाटलं होतं, त्या कारणानं नव्हे! आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही, त्यावर आज बऱ्याच लोकांचे पैसे आणि गुडघे पणाला लागलेले आहेत. तर सुरुवातीपासून सुरुवात करू.

१७४३ साली विल्यम हंटर नावाच्या पंचवीस वर्षांच्या स्कॉटिश डॉक्टरनं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवर एक निबंध मांडला. (पुढे शस्त्रक्रियेच्या इतिहासात गाजलेल्या जॉन हंटरचा हा थोरला भाऊ.) त्यात त्यानं जे म्हटलंय त्याचा मथितार्थ असा की कूर्चेची जखम ही फार चिवट गोष्ट आहे, आणि एकदा गेलेली कूर्चा परत येत नाही. हे त्याच्याही आधीपासून वैद्यांना माहीत होतं, पण इतक्या नेमकेपणानं लिहून ठेवलं ते त्यानं. पुढची दोनशे वर्षं या वाक्याला कुणी धक्का लावू शकलं नाही.

असं का? बोटाला कापलं तर रक्त येतं, रक्त गोठतं, त्या गुठळीतून दुरुस्ती करणाऱ्या पेशी येतात आणि आठवड्याभरात खपली धरते. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. नसाही नाहीत, त्यामुळे सुरुवातीला झीज होतेय हे कळतसुद्धा नाही. पेशी आहेत, पण आकारमानाच्या अगदी थोड्या टक्क्यांत. बाकी सगळं त्या पेशींनीच विणलेलं जाळं: कोलॅजनचे तंतू, त्यात अडकलेले साखरेसारखे मोठे रेणू आणि त्या रेणूंनी धरून ठेवलेलं भरपूर पाणी. प्रत्येक पेशी आपापल्या कोनाड्यात बंद. शेजारी खड्डा पडला तरी तिला उठून जाता येत नाही.

हे जाळं किती जुनं असतं याचा पुरावा तर भन्नाट आहे. १९५०-६०च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढलं आणि मग हळूहळू उतरत गेलं. म्हणजे शरीरातला एखादा भाग कधी घडला त्याची तारीखच जणू त्यात छापली गेली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ साली या पद्धतीनं माणसांच्या गुडघ्यातलं कोलॅजन तपासलं. निष्कर्ष असा की हे कोलॅजन वाढीच्या वयात एकदा तयार होतं, आणि मोठेपणी ते जवळपास बदललं जातच नाही. तुमच्या-माझ्या गुडघ्यात कॉलेजच्या दिवसांतलंच कापड आहे, आणि तेच शेवटपर्यंत पुरवायचं आहे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत ऑनर फेल नावाची तरुण संशोधिका कोंबडीच्या गर्भातले पायाच्या हाडांचे इवलेसे कूर्चेचे अंकुर काढून घड्याळाच्या काचेवर वाढवत होती. ते अंकुर शरीराबाहेरही वाढत, आणि आपला हाडासारखा आकारही घेत! ही बाई पुढे १९२९ ते १९७० अशी तब्बल चाळीस वर्षं त्या संस्थेची प्रमुख होती. पण हा झाला अख्खा तुकडा वाढवण्याचा प्रकार. सुट्या पेशींपासून ऊतक बनवायचं तर आधी पेशी सुट्या करता यायला हव्यात. ते काम १९५२ साली अ‍ॅरन मॉस्कोना यांनी केलं. ट्रिप्सिन नावाचं पचनाचं विकर वापरून त्यांनी गर्भाच्या ऊतकातल्या पेशी मोकळ्या केल्या, आणि त्या पुन्हा एकमेकींना शोधून गोळा होतात हे दाखवलं.

मॉस्कोनांचा १९५७ सालचा प्रयोग तर नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. त्यांनी कोंबडीच्या आणि उंदराच्या गर्भातल्या पेशी मिसळल्या. दोन्ही प्राण्यांच्या पेशींची केंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखू येतात. त्यामुळे मिश्रणातून तयार झालेल्या गोळ्यात कुठली पेशी कुणाची, हे सांगता येत होतं. दिसलं असं की कूर्चेच्या पेशी कूर्चेच्या पेशींजवळ जातात, प्राणी कुठला याची फारशी फिकीर न करता. कोंबडी आणि उंदीर यांची मिळून एक कूर्चा!

इथपर्यंत सगळं सोपं वाटत होतं. १९६० साली अमेरिकेत हॉवर्ड होल्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली मोठी अडचण समोर आणली. कूर्चेच्या पेशी बशीत सपाट पसरून वाढवल्या तर त्या भराभर वाढतात, पण वाढता वाढता आपण कोण आहोत तेच विसरतात. गोल पेशी लांबट होतात, कूर्चेचं खास द्रव्य बनवणं थांबवतात. पुढे १९७०च्या दशकात कळलं की कोलॅजनचा प्रकारही बदलतो. कूर्चेत असतं ते दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन जाऊन, चामडीत आणि व्रणात सापडणारं पहिल्या प्रकारचं येतं. पंचाईत बघा. पेशी कमी आहेत म्हणून वाढवायच्या, आणि वाढवल्या की त्या कूर्चेच्या राहत नाहीत!

१९८२ साली पॉल बेन्या आणि जॉय शॅफर यांनी याच्यावर अर्धा तोडगा काढला. विसरलेल्या पेशी त्यांनी अ‍ॅगरोजमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीत, ठेवल्या. तिथे पेशीला सपाट पसरायला जागाच नाही, गोलच राहावं लागतं. आणि गोल झाल्यावर त्यांना पुन्हा आठवलं! दुसऱ्या प्रकारचं कोलॅजन परत सुरू. पेशीचा आकार आणि तिची ओळख यांचा इतका जवळचा संबंध असेल असं मला तरी कधी वाटलं नव्हतं.

दरम्यान शल्यविशारद काही हातावर हात धरून बसले नव्हते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या केनेथ प्रायडी यांनी १९५९ साली खराब झालेल्या जागी हाडाला छिद्रं पाडायची पद्धत मांडली. छिद्रातून मज्जेतलं रक्त वर येतं आणि खड्डा भरतो. कल्पना चांगली, पण भरतं ते तंतुमय, व्रणासारखं ऊतक. गुळगुळीत फरशी उखडली म्हणून तिथे सिमेंट थापलं, तसा प्रकार.

मग १९९४ साल. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या माट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन वगैरे मंडळींनी २३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णाच्याच गुडघ्यातल्या चांगल्या भागातून कूर्चेचा लहानसा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी दोन-तीन आठवडे प्रयोगशाळेत वाढवायच्या, आणि दुसरी शस्त्रक्रिया करून खड्ड्यात सोडायच्या. वरून हाडाच्या आवरणाचा पापुद्रा शिवून झाकण. पहिली शस्त्रक्रिया त्यांनी १९८७ सालीच केली होती. मांडीच्या हाडाच्या टोकाला खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांचा निकाल दोन वर्षांनी चांगला किंवा उत्तम. वाटीच्या मागे खड्डा असलेल्या ७ जणांपैकी मात्र फक्त दोघांचा. १९९७ साली अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली आणि हंटरच्या वाक्याला पहिल्यांदा तडा गेला म्हणायला हरकत नाही.

त्याच सुमारास जगभर गाजला तो पाठीवर माणसाचा कान असलेला उंदीर. इमेलमधून फिरणारं ते चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल, सोबत "शास्त्रज्ञांचा देवाशी खेळ" छापाचा मजकूर. खरी गोष्ट अशी की त्यात माणसाची एकही पेशी नव्हती. चार्ल्स व्हॅकांटी आणि सहकाऱ्यांनी कानाच्या आकाराचा, विरघळून जाणारा सांगाडा बनवला, त्यात वासराच्या कूर्चेच्या पेशी पेरल्या आणि तो प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली बसवला. शोधनिबंध १९९७चा. आकार देता येतो हे त्यातून सिद्ध झालं. पण कानावर कुणी उभं राहत नाही! गुडघ्यातल्या कूर्चेला पायरी उतरताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब सोसायचा असतो.

स्वीडिश पद्धतीच्या अडचणी उघड होत्या. दोन शस्त्रक्रिया, मधे काही आठवड्यांची प्रयोगशाळा, भरमसाट खर्च, आणि वाढवताना ओळख विसरणाऱ्या पेशी. मग दुसरा उमेदवार पुढे आला. हाडाच्या मज्जेत अशा काही पेशी असतात की त्यांच्यापासून हाड, चरबी, कूर्चा असं बरंच काही होऊ शकतं. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६०-७०च्या दशकांत त्यांचा पाठपुरावा केला होता. १९९१ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या आर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना "मेसेन्कायमल स्टेम सेल" हे नाव रूढ केलं. आपण मज्जापेशी म्हणू. १९९८ साली क्लीव्हलंडच्याच गटानं दाखवलं की या पेशींचा छोटा गोळा करून त्याला योग्य रसायनं दिली तर त्यातून कूर्चा तयार होते. मज्जापेशी मिळवणं सोपं, वाढवणं सोपं. झालं, प्रश्न सुटला?

नाही. या कूर्चेला एक खोड होती. गर्भात हाड बनतं तेच मुळी आधी कूर्चा बनून आणि मग तिचं हाड होऊन. मज्जापेशी तीच वाट धरत. कूर्चा बनून थांबायचं सोडून फुगायच्या आणि हाडाकडे निघायच्या. २००६ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटानं अशी कूर्चा उंदरांच्या शरीरात बसवून पाहिली, तर तिच्यात कॅल्शियम साचलं आणि रक्तवाहिन्या शिरल्या. गुडघ्याच्या सांध्यात हे होणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणि इथे मिसळण्याची कल्पना आली. खऱ्या कूर्चापेशी थोड्याच मिळतात, पण त्यांना आपली ओळख पक्की ठाऊक असते. मज्जापेशी भरपूर, पण चंचल. मग दोन्ही एकत्र केल्या तर? आपल्या घरातलं उदाहरण द्यायचं तर विरजण. पातेलंभर दुधाला चमचाभर दही लावलं की सकाळी सगळ्याचंच दही. कूर्चापेशी म्हणजे दही, मज्जापेशी म्हणजे दूध. शेजारणींचे रासायनिक संकेत ऐकून मज्जापेशी स्वतःच कूर्चापेशी होतील, अशी ही अपेक्षा. २०००च्या दशकात जपान, नेदरलँड्स आणि इतर ठिकाणी असे मिश्रणाचे प्रयोग झाले. निकालही झकास! ८० टक्के मज्जापेशी आणि फक्त २० टक्के कूर्चापेशी घेऊन जी कूर्चा तयार होई, ती त्या २० टक्क्यांच्या हिशेबापेक्षा खूप जास्त असे. विरजण लागलं असंच सगळ्यांना वाटलं.

आता आमच्या धंद्यातला एक अनुभव सांगतो. दोन प्रोसेस एकाच फाइलमध्ये लिहीत असतील, तर फाइल बरोबर भरली म्हणजे दोन्ही नीट चालू आहेत असं म्हणता येत नाही. कदाचित एक केव्हाच मरून पडलेली असते आणि सगळ्या ओळी दुसरीनंच लिहिलेल्या असतात. म्हणून प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली याचा नंबर छापायचा. त्याशिवाय नुसतं आउटपुट बघून काही कळत नाही.

नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठात लिंग वू, मार्सेल कार्पेरियन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी मज्जापेशी घेतल्या माणसाच्या आणि कूर्चापेशी घेतल्या गाईच्या. का? तर दोघींचा डीएनए वेगळा ओळखता येतो. मॉस्कोनांची कोंबडी-उंदराची युक्तीच, चौपन्न वर्षांनी, नव्या हत्यारांनिशी. चार आठवडे मिश्रण वाढवलं आणि मग मोजलं: कुणाच्या पेशी किती, आणि कूर्चेची जनुकं कुणाची चालू आहेत?

उत्तर अनपेक्षित होतं. चार आठवड्यांत माणसाच्या मज्जापेशी मोठ्या प्रमाणात मरून गेल्या होत्या. कूर्चा बांधली होती ती मुख्यतः गाईच्या कूर्चापेशींनी. मज्जापेशी असताना त्या नेहमीपेक्षा जास्त वेगानं वाढल्या होत्या आणि जास्त द्रव्य विणत होत्या. म्हणजे दुधाचं दही झालंच नव्हतं. दह्यातच भर पडली होती आणि दूध नाहीसं झालं होतं! माणसाच्याच दोन्ही पेशी घेऊन केलेल्या पडताळणीतही दिशा तीच. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की मज्जापेशींऐवजी दुसऱ्या ऊतकांतल्या तशाच पेशी घेतल्या तरी हा परिणाम दिसतो. आणि २०१३ साली त्यांनी मज्जापेशींतून स्रवणारं एक वाढीचं प्रथिनही शोधून काढलं, जे कूर्चापेशींना वाढायला उद्युक्त करतं.

विरजणाचं उदाहरण इथे मोडतं. जास्त चपखल उदाहरण आपल्याला शेतात सापडेल, ते म्हणजे हिरवळीचं खत. शेतकरी ताग किंवा धैंचा पेरतो तो ताग विकायला नव्हे. तो वाढतो, फुलायच्या सुमाराला जमिनीत गाडला जातो, कुजतो, आणि पुढचं पीक जोमानं येतं. ते पीक तागाचं नसतं. मज्जापेशींचं काम हे असं आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळ्या प्रयोगशाळांचं चित्र इतकं एकतर्फी नव्हतं. २०१२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाला आपल्या मिश्रणात दोन्ही दिसलं, कूर्चापेशींची वाढही आणि मज्जापेशींचं कूर्चेकडे वळणंही. त्यामुळे ताग थोडाफार उरतो की सगळाच गाडला जातो, हे पेशी आणि परिस्थितीवर ठरत असावं. पण मुख्य बांधकाम कुणाचं हा प्रश्न आता विचारावाच लागणार होता.

खरी परीक्षा माणसाच्या गुडघ्यात झाली. नेदरलँड्समध्येच उट्रेख्तच्या विद्यापीठ रुग्णालयात डानिएल सारिस, लुसिएन वोंक, टॉमी डे विंट यांच्या गटानं ३५ रुग्णांवर एक चाचणी केली, २०१७ साली प्रसिद्ध झाली. खड्डा साफ करताना जी खराब कूर्चा काढून एरवी टाकून दिली जाते, तिच्यातूनच त्यांनी रुग्णाच्या पेशी त्यांच्या आवरणासकट वेगळ्या केल्या. त्या १० किंवा २० टक्के. बाकी ९० किंवा ८० टक्के मज्जापेशी, आणि त्या दुसऱ्याच माणसाच्या, आधीच गोठवून ठेवलेल्या. दोन्ही फायब्रिन नावाच्या जैविक डिंकात मिसळून त्याच शस्त्रक्रियेत खड्डा भरला. प्रयोगशाळेतली आठवड्यांची वाट नाही, दुसरी शस्त्रक्रिया नाही. दीड वर्षाच्या पाठपुराव्यात उपचार सुरक्षित वाटला आणि दुखणं, हालचाल यांत सुधारणा दिसली. (तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात ठेवायचं.)

आणि एका वर्षानं नव्या ऊतकाचा कण काढून त्यातला डीएनए तपासला तेव्हा? फक्त रुग्णाचा. दात्याचा नाही. ज्या पेशी मिश्रणात ८०-९० टक्के होत्या त्यांचा मागमूसही नव्हता. ताग गाडला गेला होता.

आता या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध ते सांगतो. "स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, गुडघ्यात नवी कूर्चा उगवेल" अशा जाहिराती आपल्याकडे सर्रास दिसतात. त्यामागचं चित्र विरजणाचं आहे. पेशी टोचल्या की त्यांचीच कूर्चा होणार. वर सांगितलेला इतिहास म्हणतो की ही समजूत तपासली गेली, आणि निदान या मिश्रणांच्या बाबतीत ती टिकली नाही. खत घालून पीक येतं ते बी असेल तर. कूर्चापेशी जिथे जवळपास उरल्याच नाहीत, तिथे नुसतं खत टाकून काय उगवणार? शिवाय स्वीडनमधले रुग्ण १४ ते ४८ वर्षांचे होते आणि उट्रेख्तचेही तरुणच. बहुतेकांना एखाद्या ठिकाणचा खड्डा होता, सगळा सांधा झिजलेला नव्हता. सत्तरीतल्या आजींच्या गुडघ्याला तोच निकाल लावणं म्हणजे ओढूनताणून.

याचा अर्थ मज्जापेशी निरुपयोगी असाही नाही. सूज आणि वेदना कमी करण्यात त्यांची मदत होत असावी, आणि त्यावर गंभीर काम चालू आहे. २०२२ साली भारतात बंगळूरच्या एका कंपनीच्या दात्यांच्या मज्जापेशींपासून बनवलेल्या उत्पादनाला गुडघ्याच्या झिजेसाठी मान्यताही मिळाली. पण त्याच्या चाचणीत मुख्यतः मोजलं गेलं ते दुखणं, आखडणं आणि हालचाल. दुखणं कमी होणं ही काही छोटी गोष्ट नव्हे. पण ते वेगळं आणि नवी कूर्चा उगवणं वेगळं, आणि पैसे देणाऱ्याला आपण कशाचे पैसे देतोय हे कळायला हवं.

गंमत म्हणजे ज्यांनी "स्टेम सेल" हे नाव रूढ केलं त्या कॅप्लन यांनीच २०१७ साली जाहीरपणे लिहिलं की हे नाव आता बदला. या पेशी शरीरात गेल्यावर नवं ऊतक बनत नाहीत, आसपासच्या पेशींना संकेत देऊन कामाला लावतात, आणि "स्टेम सेल" या शब्दामुळे लोकांची दिशाभूल होते, असं त्यांचं म्हणणं. पंचवीसएक वर्षं स्वतःच्या नावानं ओळखला जाणारा शब्द मागे घ्यायला माणूस मोठा लागतो. नाव मात्र बदललं नाही. जाहिरातवाल्यांना ते फार आवडलंय ना!

तेव्हा घरातल्या कुणाला असं इंजेक्शन सुचवलं गेलं तर दोन प्रश्न जरूर विचारा. यानं दुखणं कमी होणार की कूर्चा भरणार? आणि कूर्चा भरणार असेल, तर ती नेमक्या कुठल्या पेशी विणणार, आणि हे कुणी, कसं तपासलंय? उत्तर देणारा डॉक्टर चिडला नाही, नीट बसून समजावून सांगू लागला, तर समजा माणूस बरा आहे.